कुरकुर आणि गाऱ्हाणे

देवाकडे तक्रार करणे हेच पाप, असे आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून सर्रास सांगतो. पुरावा म्हणून गणना ग्रंथाचा 21 वा अध्याय पुढे करतो : लोकांना मान्न्याचा वीट आला, विषारी साप आले, लोकांनी पाप कबूल केले. मग त्याच ग्रंथाचा 11 वा अध्याय आम्ही का झाकून ठेवतो? तेथे मोशेही गाऱ्हाणे घालतो. हा भार एकट्याला पेलत नाही, त्यापेक्षा मरण दे, असे तो देवाला तोंडावर सुनावतो. त्याला साप डसत नाहीत. साहाय्याला 70 वडील मिळतात.

लोक देवाविरुद्ध बोलले, मोशे देवाशी बोलला. पहिली कुरकुर, दुसरी प्रार्थना.

पश्चात्तापानंतर साप दूर व्हावेत, ही लोकांची विनंती होती. साप नाहीसे झाले, असे ग्रंथ सांगत नाही. डसलेल्याने उंचावलेल्या पितळी सर्पाकडे पाहायचे होते. पाठ फिरवलेल्याने पुन्हा देवाच्या वचनाकडे दृष्टी वळवणे, हाच पश्चात्ताप.

तेव्हा पुत्रशोकाने आक्रंदणाऱ्या मातेला 'कुरकुरू नकोस' म्हणून गप्प करणाऱ्या माझ्या धर्मगुरू बंधूंनो, पापनिवेदनासाठी आधी आपणच गुडघे टेकू या.