खोडदच्या शांततेचे मोल

प्रस्तावित पुणे-नाशिक रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून नेण्यास खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे हरकत निघाली, तेव्हा जुन्नर तालुक्यात नाराजी पसरली. आकाशातील ताऱ्यांसाठी जमिनीवरील माणसांनी गाडीला का मुकावे, हा सवाल अवाजवी नाही. मात्र उत्तर देण्यापूर्वी ही दुर्बीण नेमके काय ऐकते, हे समजून घेतले पाहिजे.

४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या या दुर्बिणीने २००४ साली एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छात एक स्पंदक शोधला. गुच्छ सुमारे ४० हजार प्रकाशवर्षे दूर. स्पंदक सेकंदाला सुमारे २०० वेळा स्वतःभोवती फिरणारा. अशा गुच्छांत लाखो तारे दाटीवाटीने नांदतात. त्या गर्दीत मृतप्राय न्यूट्रॉन ताऱ्याला जोडीदार लाभतो आणि त्याचे द्रव्य ओढून घेत तो पुन्हा वेगाने फिरू लागतो. आजवर अशा गुच्छांत तीनशेहून अधिक स्पंदक सापडले आहेत. २०२४ साली दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीच्या निरीक्षणांतून याच एनजीसी १८५१ मध्ये आणखी एका स्पंदकाचा असा जोडीदार उजेडात आला, की तो अतिजड न्यूट्रॉन तारा आहे की अतिहलके कृष्णविवर, हे सांगणे कठीण व्हावे.

हा शोध सोपा नाही. संदेश अतिक्षीण असतो. वाटेतील इलेक्ट्रॉनांमुळे कमी कंप्रतेच्या लहरी मागे पडतात. जोडीदाराभोवतीच्या भ्रमणामुळे स्पंदनांचा ठेका सतत बदलता भासतो. म्हणून संगणकाला असंख्य शक्यता पडताळून पाहाव्या लागतात. अशा वेळी मोबाइलचा मनोरा किंवा विजेवर धावणाऱ्या गाडीची ठिणगी त्या कुजबुजीवर सहज मात करते.

तेव्हा दुर्बिणीचा आग्रह हा शास्त्रज्ञांचा हट्ट नव्हे. रेल्वेचा मार्ग नकाशावर बदलता येतो. २५ किलोमीटरांच्या टापूत पसरलेली दुर्बीण उचलून अन्यत्र नेता येत नाही, आणि एकदा गमावलेली रेडिओ-शांतता पुन्हा विकत मिळत नाही.

परंतु येथेच शासनाचे कर्तव्य संपत नाही, सुरू होते. ज्ञानाचा लाभ साऱ्या जगाला आणि त्याचा भार मात्र एका तालुक्याने सोसावा, हा न्याय नव्हे. टोमॅटो व द्राक्षे पिकविणाऱ्या या भागाला उत्तम रस्ते, पुरेशा एसटी गाड्या आणि रेडिओ-गोंगाट न करणारे उद्योग प्राधान्याने मिळाले पाहिजेत. ती मेहेरबानी नसून शांततेचे रास्त मोल ठरेल. ते चुकते केले नाही, तर उद्या दुर्बिणीच्या बाजूने बोलायला खोडदमध्येच कोणी उरणार नाही.