बिस्किटाचं वकीलपत्र

मी बी. कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवतो आहे. सांगायचा मुद्दा हा, की भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्यांतला मी नव्हे. तरीही आज एका बिस्किटाचं वकीलपत्र घेऊन तुमच्यापुढे उभा आहे.

झालं असं, की पुण्याला शिकणारी आमची कन्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती वीगन होऊन. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच. पण दूध, दही, तूप, एवढंच काय मधसुद्धा नाही. "गाईचं दूध वासराचं असतं, बाबा," इतकंच ती म्हणाली. आईनं तुपाची बरणी छातीशी धरली. बायको म्हणाली, "हाडं ठिसूळ होतील!" आणि आमचे मामा म्हणाले, "थेरं आहेत सगळी!"

आता हे मामा कोण? १९९८ साली काशीला जाऊन वांगं सोडून आलेले. तेव्हापासून ते जेवायला यायचे म्हटलं की आमच्याकडे दुसरी भाजी होते. आजवर कुणी त्यांना, 'वांग्यातली जीवनसत्त्वं आता कुठून आणणार?' असं विचारलेलं नाही. आईचा कांदा-लसूण चातुर्मासात बंद. बायकोचे गुरुवार. आमचे साहेब श्रावण पाळतात आणि श्रावण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याची भरपाई करतात. कुणी कारण विचारतं? मग काशीला जाऊन सोडलं तर व्रत आणि पुण्याला जाऊन सोडलं तर थेर, हा कुठला न्याय? आपल्याला पुण्य लागावं म्हणून सोडलं तर आदर, वासराला दूध मिळावं म्हणून सोडलं तर टिंगल! बँकेत असे दोन हिशेब ठेवले तर नोकरी जाते हो.

बरं, म्हणे हे परदेशी खूळ. 'वीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला, कबूल. पण आपल्या उपासाला चालणारा शेंगदाणा तरी कुठला? मूळचा दक्षिण अमेरिकेतला! तो एकादशीला चालतो, मग या बिचाऱ्या शब्दानंच काय घोडं मारलं? बायकोची काळजी मात्र खोटी नव्हती. बी-१२ या जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी लागते. ती कन्या घेते. प्रथिनांचं म्हणाल, तर शंभर ग्रॅम दाण्यांत ती सुमारे पंचवीस ग्रॅम असतात.

पण मी पेटून उठलो तो याच्यामुळे नव्हे. तुपातल्या लाडवांच्या डब्यांत बसून मुलगी चार दिवस नुसता चिवडा खात होती. चौथ्या दिवशी हळूच म्हणाली, "बाबा, मी जरा लवकर परत जाऊ का?"

मी उठलो आणि मिक्सर काढला.

पीनट बटर या नावाला भिऊ नका. त्यात लोण्याचा थेंब नसतो. दाणे भाजायचे, सालं पाखडायची आणि फिरवायचे. कूट झालं की आपण मिक्सर बंद करतो. तिथं बंद करायचा नाही. मधूनमधून त्याला गार होऊ देत आणखी पाचसात मिनिटं धीर धरायचा. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, ते सुटतं आणि कुटाचं लोणी होतं. फरक काय तो चिकाटीचा!

त्या एक वाटी लोण्यात पाऊण वाटी किसलेला गूळ, वाटीभर कणीक, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि गोळा वळण्यापुरतं पाणी. अंड्याचं बांधून धरायचं काम गूळ आणि दाणे चोख करतात. लिंबाएवढे गोळे काट्यानं चेपायचे आणि १८० अंशांवर बारा मिनिटं भाजायचे. बाहेर काढल्यावर बिस्किटं मऊ लागतात. कच्ची समजून मी पहिला घाणा परत आत ढकलला आणि त्याचा कोळसा केला. ती गार झाल्यावर आपोआप खुसखुशीत होतात, हे दुसऱ्या घाण्याला कळलं.

मामांनी बिस्कीट उचलून संशयानं विचारलं, "यात वांगं नाही ना?"

"नाही मामा," मी म्हटलं. "या घरात ज्याचं त्याचं सांभाळतात."

मामा काही बोलले नाहीत. पण चार बिस्किटं खाल्ली.

रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर आई नातीला विचारत होती, "शंकरपाळ्यांना तेलाचं मोहन घातलं आणि दुधाऐवजी पाण्यात साखर विरघळवली, तर चालतील का ग तुला?"

मी पाणी न पिताच परत फिरलो. वकिलाचं काम संपलं होतं.