टपावरचा साहेब
अमेरिकेत १९८८ साली क्वालकॉम कंपनीने ‘ऑम्नीट्रॅक्स’ ही उपग्रहावरून निरोप पोचवणारी यंत्रणा आणली आणि लांब पल्ल्याच्या ट्रकांच्या टपावर घुमट बसू लागले. घुमटात उपग्रहाकडे तोंड वळवत राहणारा अँटेना, केबिनमध्ये कीबोर्ड आणि छोटा पडदा, मधे केबल. श्नायडर नॅशनल ही ट्रक कंपनी पहिलं मोठं गिऱ्हाईक. तोवर ड्रायव्हर वाटेत थांबायचा, सार्वजनिक फोनवरून ऑफिसला विचारायचा, पुढचा माल कुठून उचलू? तो खोळंबा संपला, हे खरंच. पण निरोपाबरोबर गाडीचा ठावठिकाणाही ऑफिसात पोचू लागला. मालक याला सोय म्हणणार. ड्रायव्हरच्या लेखी मात्र साहेब टपावरच येऊन बसला! गंमत म्हणजे, याच घुमटांच्या कमाईने क्वालकॉमच्या सीडीएमए मोबाइल तंत्रज्ञानाला सुरुवातीची वर्षं पोसलं.