घातलेला साबण काढणार कोण?

'कार्पेट शॅम्पू करून मिळेल' ही जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. मला त्यावर एकच शंका येते: तो शॅम्पू परत बाहेर कोण काढणार?

पूर्वी गालिचा दोरीवर टाकून काठीने बडवायचे. दिसायला अडाणी, पण लॉजिक पक्कं. धूळ बाहेर आली पाहिजे, बस्स! १९०१ च्या सुमारास लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने हवा फुंकून धूळ उडवणारं यंत्र पाहिलं. उडालेली धूळ परत खालीच बसणार ना? मग हवा ओढूनच का घेऊ नये? पठ्ठ्याने म्हणे खुर्चीवर रुमाल ठेवला, तोंडाने जोरात हवा ओढली, आणि रुमालावर काळं वर्तुळ! त्याचा व्हॅक्यूम क्लीनर इतका अवाढव्य होता की घोडागाडीवर रस्त्यात उभा राहायचा आणि खिडकीतून लांब नळ्या घरात जायच्या. (सर्व्हर बाहेर, क्लायंट घरात!) आज परदेशात व्हॅनमधली मशीनं घेऊन फिरणाऱ्या कंपन्यांचं आर्किटेक्चर तेच आहे.

शॅम्पू पद्धतीत मात्र गोल फिरणाऱ्या ब्रशने फेस चोळतात. त्या दिवशी कार्पेट चकाचक दिसतं. पण धाग्यात राहिलेला साबण चिकट असतो, त्यावर नवी धूळ आणखी लवकर बसते. मग पुन्हा फोन, पुन्हा बिल. धंद्याच्या दृष्टीने झकास बग आहे हा!

याला उतारा म्हणजे हॉट वॉटर एक्स्ट्रॅक्शन: गरम पाणी दाबाने आत सोडायचं आणि लगेच मशीनने खेचून घ्यायचं. लोक त्याला 'स्टीम क्लीनिंग' म्हणतात, पण त्यात वाफ नसून गरम पाणीच असतं. ऑफिससाठी एन्कॅप्सुलेशनही चालतं. त्यात रसायन मळाभोवती वाळून ठिसूळ कण होतात आणि ते व्हॅक्यूमने निघतात. कार्पेट लवकर वाळतं, पण खोलवरचा मळ तसाच राहतो.

घरात रांगणारं बाळ असेल तर माझं मत एक्स्ट्रॅक्शनलाच. फक्त मुंबई-पुण्याच्या जुलैत नको, ओलं कार्पेट वाळता वाळत नाही आणि कुबट वास येतो. हाताने विणलेला लोकरी गालिचा असेल तर आधी कोपऱ्यावर रंग जातो का ते बघायला सांगा.

आणि फोनवरच विचारा, 'पाणी खेचायचं मशीन आहे का?' उत्तरात नुसतं शॅम्पूचं नाव आलं, की मी तरी फोन ठेवतो.