पदवी आपली, परवाना परक्याचा!

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर वा मुलुंड, यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेर पडले की परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्या नजरेत भरतात. प्रवेश, व्हिसा, कर्ज, सारे एकाच छपराखाली! परंतु तेथे खरोखर विकले जाते ते शिक्षण नव्हे. विकली जाते ती शिक्षणानंतर त्याच देशात नोकरी करून स्थायिक होण्याची आशा. या आशेवर उपनगरातील मध्यमवर्गीय गृहस्थ राहते घर बँकेकडे तारण ठेवतो आणि मुलाला विमानात बसवतो. जी वस्तू ना सल्लागाराच्या मालकीची, ना विद्यापीठाच्या हातची, तिचा हा व्यापार चालतो कसा, हे आता रोखठोक विचारले पाहिजे.

परदेशगमनाला आमचा मुळीच विरोध नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन, आणि परतल्यावर संस्थानची सेवा करण्याचा करार लिहून देऊन. परतीची वाट आणि खर्चाची सोय, दोन्ही निघण्यापूर्वीच ठरलेले होते. आजचा हिशेब नेमका उलटा आहे. कर्जाचे हप्ते डॉलरच्या पगारातून फिटतील हे गृहीत धरूनच पहिले पाऊल टाकले जाते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातलाच हा प्रकार!

हा पगार कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे? अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने काम करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना आणखी चोवीस महिने मिळतात. पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकार राहण्याची मुभा नाही. पुढे लागतो तो एच-१बी परवाना. वर्षाकाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा ६५,०००, आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. अर्ज अधिक आले की सोडत! सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लादणारा हुकूम अध्यक्षांच्या एका सहीने निघाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोडतीत मोठ्या पगाराला झुकते माप देणारा नियम जाहीर झाला. नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणाला त्याचा फटका बसणार हे सांगावयास नको.

इतरत्र चित्र फारसे निराळे नाही. इंग्लंडने शिक्षणोत्तर नोकरीची वाट २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा उघडली, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या सामान्य पदवीधरांसाठी ती मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरवले. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली.

याबद्दल त्या देशांना दूषणे देण्यात अर्थ नाही. आपल्या घरात कोणाला किती दिवस राहू द्यावे हा घरमालकाचा अधिकार आहे. याच अमेरिकेने १९१७ साली हिंदी माणसाला दार बंद केले, १९४६ साली वर्षाला अवघ्या शंभर जणांपुरते किलकिले केले आणि १९६५ साली उघडले. दार उघडते आणि मिटते ते घरमालकाच्या गरजेनुसार. पाहुण्याच्या कर्जाच्या हप्त्यांनुसार नव्हे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाराने हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, शेजारच्या इमारतीतील कितीतरी मुले तेथे सुखाने नांदत आहेत. खरे आहे. परंतु ज्यांचे साधले त्यांची छायाचित्रे सल्लागारांच्या भिंतीवर लागतात. ज्यांचे फसले त्यांचे आईबाप मूग गिळून बसतात. २०२३ साली कॅनडात उघड झालेले प्रकरण आठवावे. शिक्षण संपवून कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर अनेक भारतीय विद्यार्थ्यांना कळले की, दलालाने दिलेले आपले मूळ प्रवेशपत्रच बनावट होते. १९८३ चा उत्प्रवासन कायदा नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालांना वेसण घालतो. शिक्षणाच्या नावाने पाठवणारे त्यातून सुटतात. पंजाबने २०१२ साली अशा धंद्यासाठी परवान्याचा कायदा केला. महाराष्ट्र सरकारनेही सल्लागारांची सक्तीची नोंदणी करावी आणि विद्यापीठाकडून त्यांना मिळणारे कमिशन पालकांना लेखी कळवणे बंधनकारक करावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

पालकांना आमचे सांगणे एकच. कर्जाचा हिशेब मुंबईतील पगारावर मांडा. त्या पगारातून हप्ते फिटत असतील तर मुलाला खुशाल पाठवा. तेथे नोकरी मिळाली तर तो वरचा लाभ समजा. फिटत नसतील, तर विद्यापीठ कितीही नामांकित असो, ती पदवी आपल्याला परवडणारी नाही.

आणि जो परत येईल त्याच्याशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी माणुसकीने वागावे. "जमले नाही वाटते?" हा जिन्यात विचारलेला प्रश्न अनेक तरुणांना परक्या देशात मिळेल ते काम करीत, परवान्याची मुदत मोजत, झुरत ठेवतो. विद्या मिळवून स्वगृही परतणे हा पराभव आहे, असे आम्ही कधीपासून मानू लागलो?