मुका जावई

गेल्या दिवाळीत आमच्या नव्या सांगवीतल्या शेजाऱ्यांकडे नवा जावई दिवाळसणाला यायचा होता. चारला येणारा माणूस सात वाजले तरी येईना. शेवटी उलगडा झाला तो असा, की जावईबापू जुन्या सांगवीत उतरले होते. फोन वाटेतच मान टाकून बसला होता. मिठाईचा पुडा सांभाळीत बिचारे गल्लोगल्ली सासऱ्यांचे नाव विचारीत हिंडत होते! घरी पोचल्यावर मेहुण्यांनी जी खिल्ली उडवली, ती काही विचारू नका. त्यांनी पाणीसुद्धा उभ्यानेच प्याले.

आम्हांला त्या वेळी गोबर्धन आठवला.

हा गोबर्धन म्हणजे ‘जमाईबाबू’ या बंगाली मूकपटाचा नायक. कालिपद दास यांनी १९३१ साली तो काढला आणि नायकाचे कामही स्वतःच केले. खेड्यातला हा भाबडा जावई सासुरवाडीला कलकत्त्यास येतो आणि त्या अफाट शहरात पार गोंधळून जातो. त्याच्यामागून आपल्यालाही त्या काळचे कलकत्ता पाहायला मिळते. व्हिक्टोरिया मेमोरियल दिसते, हावड्याचा पूलही दिसतो, पण तो जुना, तरंगता. आजचा लोखंडी पूल १९४३ साली सुरू झाला. चित्रपट अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा, विनोद धडपडीचा आणि काहीसा ओबडधोबड. तरी एक प्रसंग मनातून जात नाही. रात्री बायकोच्या खोलीपाशी जाऊ पाहणाऱ्या या जावयाला घरचेच लोक चोर समजतात!

त्याच वर्षी चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ आला. इकडे १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला होता आणि मूकपटांचे दिवस भरत आले होते. गोबर्धनवर विलायती विनोदपटांची छाप आहे, हे उघडच दिसते. पण चार्लीला मागेपुढे कोणी नाही. धडपडला तर उठतो, काठी फिरवतो आणि रस्त्याला लागतो. गोबर्धनला अशी सोय कुठली? त्याला त्याच घरात सकाळी जेवायला बसायचे असते, तेही पाटाभोवतीच्या रांगोळीत. जामाता दशमो ग्रहः, असे म्हणून आपण आजवर सासऱ्यांचीच कीव करीत आलो. त्या ग्रहाला परक्या घरी किती अवघडल्यासारखे होत असेल, हे पाहायला मात्र एक मूकपट लागला. (मूकपटात मेहुण्यांचे टोमणे ऐकू येत नाहीत, हा त्याचा आणखी एक गुण.)

आता गंमत पाहा. आपल्या देशात १३०० च्या आसपास मूकपट निघाले. आज हाती आहेत ते जेमतेम तीसेक, त्यांतलेही पुष्कळसे तुटके. बंगालचे मोठमोठे पौराणिक पट गेले आणि तगला हा गावंढळ जावई! कित्येक वर्षे बंगालचा एवढाच मूकपट उरला आहे, असे मानले जाई. पुढे २०१६ साली पॅरिसहून १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चा काही भाग मिळाला. ‘जमाईबाबू’ची प्रत जपली ती मात्र आमच्या पुण्याने, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने. याच पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात २००३ च्या जानेवारीत आग लागली आणि नायट्रेटवरचे कितीतरी जुने चित्रपट राख झाले. हे आठवले म्हणजे गोबर्धनच्या नशिबाचे नवल वाटते. चोर ठरलेल्या जावयाला अखेर थारा मिळाला तो परक्या गावी.

शेजाऱ्यांचे जावईबापू यंदा भाऊबीजेला पुन्हा येणार आहेत. या खेपेस सासरे स्वतः त्यांना उतरून घ्यायला बसथांब्यावर उभे राहणार, असे कानावर आले. कोणत्या सांगवीच्या, ते विचारायचे राहिले.