सर्व्हरचं बिऱ्हाड
मंडळाच्या संकेतस्थळासाठी भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर घेताय? मग ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळणार, हे आधी पाहा. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार म्हणून अनेकांनी तिथे संसार थाटला; डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि २०२१ अखेर तो आधार संपला. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं मोफत दुरुस्त्या मिळतात. स्वयंसेवकांनी उभारलेल्या डेबियनलाही साधारण तेवढ्याच. विंडोज सर्व्हरला परवान्याचे पैसे पडतात आणि मेमरीही जास्त लागते. आपली कार्यकारिणी बदलत राहते, तेव्हा पुढच्या स्वयंसेवकालाही सांभाळता येईल अशीच सिस्टिम निवडा. सभासदांची यादी आणि जुने दिवाळी अंक त्याच्याच हाती जाणार आहेत. आणि हो, मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा!